सव्वादोन मीटर सोयाबीन

एमएस्सी ॲग्रीच्या थिसिसमध्ये सगळ्यात बेकार काम कोणतं असं विचारलं तर लोकं सांगतील भर पावसात वावरात चिखल तुडवत झाडं मोजणं, पण ते काहीच नाही हो, खरी गंमत पुढे असते, त्या मोजलेल्या झाडांमधून "फरक किती पडला" हे काढताना. माझा प्रयोग शेतकऱ्याच्या शेतावरचा, आणि शेतकरी म्हणजे आमचे बाबा, त्यामुळे हा प्रश्न मला रोज जेवताना विचारला जायचा.

अर्ध्या प्लॉटांमधल्या सोयाबीनला रायझोबियमची (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पुरवणारे जिवाणू) बीजप्रक्रिया, अर्धे प्लॉट तसेच. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं (जोर लावला की साल निघते आणि उगवण बोंबलते) आणि सावलीत सुकवायचं. मग दर आठवड्याला स्केल घेऊन उंची.

आता झाड काही सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला रडतखडत, श्रावणात सुसाट, आणि पोळ्यापर्यंत दमतं. हा एस आकाराचा वक्र व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन माणसाने 1838 मध्ये लोकसंख्येसाठी मांडला होता, त्याला तीन आकडे लागतात: शेवटची उंची, वाढीचा वेग, आणि निम्मी उंची गाठायचा दिवस. म्हटलं सोपं आहे, प्रत्येक प्लॉटला वेगळा वक्र बसवू आणि सरासरी काढू.

एका प्लॉटमध्ये ऐन श्रावणात रोही (नीलगायी) घुसले आणि शेंडे खाऊन गेले. तिथली पुढची मापं गेली, उरला फक्त चढ. वक्र कुठे वळतो याचा डेटाच नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरला मोकळं रानच मिळालं, त्याने शेवटची उंची दिली सव्वादोन मीटर! बाबा मागून स्क्रीन बघत होते.

"हे सोयाबीन सोंगाले शिडी लागन व."

दुसऱ्या प्लॉटने तर आकडाच दिला नाही, "सिंग्युलर ग्रेडियंट" म्हणून हात वर केले. सुरुवातीचे अंदाज तुम्हीच द्यायचे असतात, ते जवळपास नसले की गाडी भलत्याच खड्ड्यात जाऊन बसते. म्हणजे उत्तर काढायला आधी अंदाजे उत्तर माहीत पाहिजे. त्यात लाईन गेली.

शेवटी सरांनी फोनवर सांगितलं, सगळे प्लॉट एकाच वेळी फिट कर, ग्लोबल. बाबांना समजवायला मला आमचंच वावर सापडलं: काकांचं आणि आपलं धुऱ्याने वेगळं झालं, पण विहीर सामायिकच राहिली ना? तसं वाढीचा वेग आणि निम्म्या उंचीचा दिवस सगळ्यांत सामायिक, फक्त शेवटची उंची दोन, बीजप्रक्रियेची एक आणि बिनाप्रक्रियेची एक. रोह्याने खाल्लेला प्लॉट मग आपल्या मनाने दोन मीटर वाढू शकत नाही, बाकीचे त्याला धरून ठेवतात. आणि उपचाराचा परिणाम म्हणजे त्या दोन उंचींमधला फरक, एक आकडा, त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या पट्ट्यासकट.

"पण विहीर सामायिक आहे हे ठरवलं कोणं?" बाबांचा प्रश्न. विहिरीवरून भांडलेला माणूस हेच विचारणार, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच छापील पेपरांत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तर त्यालाही टेस्ट आहे: दोन्ही गटांना तिन्ही आकडे वेगळे देऊन एकदा फिट करायचं, सामायिक ठेवून एकदा, आणि वेगळं केल्याने चूक खरंच किती कमी झाली ते एफ टेस्टने ताडायचं. फारशी कमी नाही झाली. विहीर सामायिक.

फरक आला चारेक सेंटिमीटर, इंटरव्हल एक ते सात. मी खूश, इंटरव्हलमध्ये शून्य नाही, म्हणजे फरक नुसता योगायोग वाटत नाही! बाबांनी बोटांवर चार सेंटिमीटर धरून पाहिले.

"आन् शेंगा?"

शेंगा पुढच्या चॅप्टरमध्ये आहेत, म्हटलं. "बजारात उंची कोण इकत घेते व," म्हणून ते ढोरांना पाणी पाजायला गेले.

ग्राफ सरांना पाठवला. त्यांचा मेसेज लगेच आला: छान, पण त्याच झाडांची मापं दर आठवड्याला घेतलीस ना, मग पॉइंट स्वतंत्र कुठे आहेत, इंटरव्हल फुकटच अरुंद आलाय, प्लॉटचा रँडम इफेक्ट टाकून, म्हणजे प्रत्येक प्लॉटचा स्वतःचा चढउतार हिशेबात धरून, परत कर.

मी जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

"काय म्हनलं व?" माय चुलीपासून ओरडली.