चष्म्याला माझा हातही लागलेला नाही

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्या ब्लाऊज शिवायच्या दुकानात चारचौघांत तुमचा अपमान झाला असं तुम्हाला वाटलं, बाहेर गरमीत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करते.

पण "मालकिणीने माझा नंबरचा चष्मा हिसकावून घेतला आणि अर्धा तास आंधळ्यासारखं बसवलं" असं तुम्ही लिहिलंय, तसं घडलेलं नाही. त्या वेळी मी दुसऱ्या एका ताईंचं माप घेत होते. माझ्या एका हातात टेप होती, दुसऱ्या हातात मापाची वही. मापाच्या जागेच्या पडद्याबाहेर येऊन मी एवढंच म्हटलं, "दादा, हा कॅमेऱ्याचा चष्मा आहे ना? काढून ठेवता का, नाहीतर बाहेरच्या खुर्चीवर बसता का?" वहिनींनीच पर्समधून तुमचा साधा चष्मा काढून दिला आणि तुम्ही तो लावलात. मग आंधळ्यासारखं कसं? आणि अर्धा तास लागला तो वहिनींनी बोटनेक बदलून मागे खोल गळा आणि दोरी सांगितली म्हणून. पुन्हा मापं घ्यावी लागली.

तुम्ही सॅम्पल ब्लाऊजच्या गळ्याचाच फोटो काढलात, यावर माझा विश्वास आहे. मी तुमच्यावर आळ घेतलेला नाही. पण ते सॅम्पल आरशाशेजारी टांगलेलं असतं आणि पडदा जरा हलला की आरशात मापाची जागा दिसते. त्या ताईंचा पदर खाली होता. आमच्या हूक लावणाऱ्या मावशींना तुमच्या चष्म्यावरचा पांढरा दिवा लागलेला दिसला आणि त्या ओरडल्या. ताई मला म्हणाल्या, "माझा फोटो निघाला का हो?" त्यांना मी काय सांगायचं होतं?

दिवा लागतो म्हणजे सगळ्यांना कळतं, असं तुम्ही लिहिलंय. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईला तो कसा दिसणार? मोबाईल समोर धरला की निदान आम्ही हटकू तरी शकतो. इथे काडीवरचं बटण दाबलं की फोटो, धरून ठेवलं की व्हिडिओ. तो दिवा लागूच नये अशी खटपट पैसे घेऊन करून देणारेही परदेशात निघाले, अशा बातम्या आल्यात. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असाच चष्मा चेहरा शोधणाऱ्या साइटला जोडून अनोळखी लोकांची नावं-पत्ते काढून दाखवले होते. माझ्या मुलीने मला ते दाखवलं तेव्हापासून धास्तीच बसलीय. २०२५ च्या मेपासून रे-बॅन मेटाचे असे चष्मे आपल्याकडेही दुकानात मिळायला लागले, तेव्हा २९,९०० रुपयांपासून होते. दिसायला अगदी साधे. कोणाकोणाचा चष्मा ओळखायचा? आणि कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रण झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. माझ्या दुकानात तसं काही घडलं तर मी कोणाला तोंड दाखवू?

आमच्याकडे कटिंगपासून हूकपर्यंत सगळ्या बायकाच काम करतात. म्हणून तर डोंबिवलीतल्या आया आपल्या मुलींना एकटं पाठवतात. लग्नसराई तोंडावर आहे, नवीन गिऱ्हाईक आधी स्टार बघतं, आणि सगळ्यात वर तुमचा एक स्टार आणि "हिसकावून घेतला" दिसतं. फार लागलं, सर.

कॅमेऱ्याचे चष्मे आणि मोबाईल पडद्याजवळ वापरू नयेत, अशी पाटी दाराशी लावतोय. पडदाही बदलायचा आहे, आणि बाहेर पंख्याची काहीतरी सोय लवकरच करू.

वहिनींचे दोन्ही ब्लाऊज तयार आहेत, फिटिंग कमी-जास्त वाटलं तर अल्टरचे पैसे घेणार नाही. स्टार तुम्हाला द्यायचे तेवढे द्या. फक्त चष्मा हिसकावल्याचं वाक्य तेवढं काढा, एवढी विनंती.

– दुकानाची मालकीण