‘सॉसेज, बटाटा, बिअर’ एवढ्यात जर्मनी संपत नाही

जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज दर वर्षी फिरतो. त्याचा सारांश असा: “जर्मन जेवण म्हणजे सॉसेज, बटाटा आणि बिअर. देशभर कुठेही जा, ताटात तेच. मसाला म्हणजे मीठ-मिरपूड. शाकाहारी माणसाने कुकर आणि डाळ-तांदूळ सोबतच न्यावेत.” मी स्टुटगार्टमध्ये सहा वर्षं राहिले. कुकर मीही नेला होता, त्याला माझी हरकत नाही. पण हा मेसेज वाचून मुलं तिथल्या साध्या खानावळीत पाऊलसुद्धा टाकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक विधान घेते.

“देशभर तेच.” मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हेच. जर्मनी एक देश झाला १८७१ मध्ये. त्याआधी ती राज्यं, संस्थानं आणि स्वतंत्र शहरं होती. स्वयंपाक त्या त्या मुलखाचा होता आणि अजूनही बराचसा तसाच आहे. हॅम्बुर्ग बंदराचं शहर, म्हणून तिथे लाब्सकाउस: खारवलेलं गोमांस आणि बटाटा एकत्र घोटायचा, सोबत बीट, हेरिंग मासा, काकडीचं लोणचं, वर तळलेलं अंडं. जहाजावर महिनोन्‌महिने टिकेल त्या साहित्यातून खलाशांनी केलेलं हे जेवण. ब्रेमेन-ओल्डेनबुर्गकडे हिवाळ्यात माणसं हातगाडी ओढत, गप्पा मारत मैलभर चालतात आणि शेवटी खानावळीत बसून केलची, म्हणजे कोबीच्या जातीच्या पाल्याची, भाजी खातात. सोबतीला पिंकेल, म्हणजे ओट भरलेलं सॉसेज. ऱ्हाइनकाठी ‘हिमेल उन एएड’, आकाश आणि पृथ्वी, या नावाचा पदार्थ आहे. सफरचंद झाडावरचं म्हणून आकाश, बटाटा मातीतला म्हणून पृथ्वी. कोलोनमध्ये ‘हाल्वर हान’ मागवलं, तर शब्दशः अर्धा कोंबडा; पण ताटात येतो राईचा (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) पाव आणि चीजचा जाड तुकडा.

न्याहारीच्या छोट्या गोल पावाचंच बघा. बर्लिनमध्ये तो श्रिपं, हॅम्बुर्गमध्ये रुंडश्ट्युक, म्युनिकमध्ये झेमेल, आमच्या स्टुटगार्टमध्ये वेकलं. बेकरीत चुकीचा शब्द वापरला की पाव मिळतो, पण तुम्ही बाहेरगावचे हे लगेच कळतं.

आणि पाव हा शब्द मेसेजमध्ये मुळात नाहीच, याचं मला फार आश्चर्य वाटतं. जर्मन ब्रेड इन्स्टिट्यूटच्या नोंदवहीत तीन हजारांहून जास्त प्रकार आहेत. वेस्टफेलियाचा पुंपरनिकल भरड राईचा. तो किमान १६ तास मंद आचेवर भाजावा लागतो. तेवढ्या वेळात राईतली साखर करपल्यासारखी होऊन पाव काळपट आणि गोडसर होतो.

“बटाटा, बटाटा, बटाटा.” बटाटा आहे, भरपूर आहे. पण तो तिथला मूळ रहिवासी नाही, आपल्याकडचाही नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने २४ मार्च १७५६ ला लोकांनी बटाटा लावावा म्हणून हुकूम काढला. पॉट्सडामला त्याच्या थडग्यावर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. बरं, आल्यानंतरही तो एकसारखा राहिला नाही. उत्तरेत बटाट्याच्या सॅलडला मेयोनेझ, दक्षिणेत गरम रस्सा, व्हिनेगर आणि तेल. थुरिंजियात कच्चा बटाटा किसून, फडक्यात घट्ट पिळून, त्यात शिजवलेला बटाटा मिसळून मोठे गोळे वळतात आणि प्रत्येकाच्या पोटात तळलेल्या पावाचे तुकडे ठेवतात.

आणि श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या भोवती, बटाट्यापेक्षा मान श्पेट्झलंचा, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाडसर, आखूड शेवयांचा. माझ्या शेजारच्या आजी ते फळीवर करायच्या. मैदा, अंडी, मीठ, थोडं पाणी. पीठ लाकडी चमच्याने इतकं फेटायचं की त्यात बुडबुडे दिसले पाहिजेत. मग ओल्या फळीवर थोडं पीठ पसरून पात्याने भराभर उकळत्या पाण्यात खरवडायचं. हात इतका झपाझप चाले की मला पातं दिसतच नसे. तुकडे तळाशी जाऊन वर तरंगले की झाऱ्याने उचलायचे. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी साचा असतो, आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखा. पण आजींना तो पसंत नव्हता. हेच श्पेट्झलं मसुरीच्या घट्ट आमटीबरोबर, वर व्हिनेगर शिंपडून खातात. पहिल्या घासाला मला वरणफळं आठवली.

सॉसेजबद्दल थोडंच. न्युरेम्बर्गचं करंगळीएवढं, ७ ते ९ सेंटिमीटर. म्युनिकचं वाइसवुर्स्ट वासराच्या मांसाचं, त्यात पार्स्ली आणि लिंबू. ते धुरावलेलं नसल्याने लवकर खराब होई, म्हणून दुपारच्या बाराच्या आत संपवायची रीत पडली. या दोघांना एकच नाव देणं म्हणजे पुरणपोळी आणि थालीपीठ दोन्ही ‘पोळी’ म्हणणं. बिअरचंही तसंच: कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ शेजारी, पण बिअरवरून त्यांचं जमत नाही. मोसेल आणि फाल्त्सकडे तर पेला वाइनचा, फ्रँकफुर्टात सफरचंदाच्या वाइनचा.

“मसाला म्हणजे मीठ-मिरपूड.” थुरिंजियाच्या सॉसेजमध्ये मरवा असतो, आपण गजऱ्यात घालतो तोच. कोबी आणि राईच्या पावात शहाजिऱ्याच्या जातीचं जिरं. झाउअरब्राटनसाठी मांस कित्येक दिवस व्हिनेगर, लवंग, तमालपत्र आणि जुनिपरच्या फळांत मुरवतात. ऱ्हाइनकाठी त्याच्या रश्श्यात मनुका पडतात. न्युरेम्बर्गच्या लेबकुखनमध्ये, म्हणजे मसालेदार गोड बिस्किटात, दालचिनी, वेलदोडा, लवंग. तिखट नाही, हे खरं. पण तिखट आणि मसाला एकच नव्हे, हे आपल्याला तरी सांगायला नको.

“शाकाहारी उपाशी मरेल.” इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे, फरसबीत, तळलेल्या बटाट्यात, वर सांगितलेल्या मसुरीतसुद्धा लपलेले असतात. माउलटाशन, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या चौकोनी पुड्या; त्यांच्या सारणात बहुतेक वेळा मांस असतं. म्हणून विचारायचंच: “इस्ट डा श्पेक ड्रिन?” (यात श्पेक आहे का?) पण त्याच देशात १८६७ मध्ये नॉर्डहाउझनला एडुआर्ड बाल्ट्सर यांनी शाकाहाऱ्यांची संघटना काढली होती. चीजचं श्पेट्झलं आहे. पूर्वेकडे लाउझित्समध्ये उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं क्वार्क आणि जवसाचं तेल. आणि अंडं चालत असेल तर फ्रँकफुर्टचा हिरवा सॉस खाल्ल्याशिवाय परतू नका. त्यात सात पाले: बोराज, शेर्विल, अळिवाची कोवळी पानं, पार्स्ली, पिंपिनेल, आपल्या चुक्याच्या जातीचा सॉरेल आणि चाइव्ह्ज. मंडईत ते सातही एकाच कागदाच्या पुडक्यात गुंडाळून मिळतात. बारीक चिरून आंबट सायीत कालवायचे, थंडच वाढायचे, सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी. वसंतात पहिली पुडकी आली की बाजाराच्या त्या कोपऱ्याला ओल्या पानांचा वास येतो.