जाळीखालची भाजी आणि टपालानं जाणारा वानोळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातली दोन वाक्यं मनाला लागली, म्हणून उत्तर लिहायला चार दिवस घेतले. इतरांसाठी थोडक्यात सांगते. परसातल्या हिरव्या जाळीखाली उन्हाळाभर भाजी कशी राखली आणि वाळवणाची पार्सलं कोकणात कशी पाठवली, ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर भागातल्या या भाऊंचं म्हणणं असं : ज्या मुलखात शेतकरी गळफास घेतो तिथं हे भरल्या पोटीचे छंद आहेत. आमच्या मायनं जाळीबिळी न लावता घर जगवलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, मग 'कोणालाही जमेल' हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिता? आणि मिरचीपेक्षा टपाल महाग पडतं, त्यात कसला आला शहाणपणा?

तुमच्या मायपासून सुरुवात करते. जाळी त्यांनी लावली नाही, माझ्या सासूबाईंनीही लावली नाही. पण त्यांच्याकडे धुरा, म्हणजे वावराचा बांध, होता. पऱ्हाटीच्या (कापसाच्या) वावरात तुरीचं तास, तुरीच्या कडेनं अंबाडी, मधेमधे चवळी आणि भेंडी, धुऱ्यावर दोडक्याचा नाहीतर काकडीचा वेल. निंदायला गेलेल्या बाया संध्याकाळी ओटीत चिवळ नाहीतर तरोट्याचा पाला घेऊन घरी यायच्या. भाजी 'लावावी' लागत नव्हती, वावरच ती देत होतं. आज आमच्या त्याच वावरात सोयाबीन आहे, धुऱ्यावर तणनाशक फिरतं, आणि फवारलेल्या जागचा तरोटा खुडायला हात धजत नाही. सहा एकराचं घर, आणि आठवडी बाजारात मी पिशवी घेऊन भाजी विकत घ्यायला उभी. मे महिन्यात तिथं काय असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी दहा वाजताच माना टाकते, भेदरं (टोमॅटो) बाहेरगावची, पालक पिवळा. शेतकऱ्याच्या घरात भाजी विकत येते हे मला सहन होत नव्हतं. जाळी त्या दुखण्यातून आली, छंदातून नाही.

गळफासाबद्दल लिहायला मला जड जातं. आमच्या गल्लीतही तसं एक घर आहे. त्या घरच्या वहिनींनी मागच्या वर्षी माझ्याकडची जुनी जाळी नेली आणि दारापुढं राजगिरा, पालक लावला. त्यावरून मी काहीही सिद्ध करत नाही. कर्ज पालकानं फिटत नाही आणि कापसाचा भाव जाळीनं वाढत नाही. पण त्या घरात दोन लेकरं जेवायला बसतात, त्यांच्या ताटात भाकरीसोबत हिरवं काही असावं, या धडपडीला भरल्या पोटीचा छंद म्हणू नका. एवढीच विनंती.

आणि आच्छादन ही काही शहरातून आलेली गोष्ट नाही. दर्यापूरहून अंजनगाव सुर्जी किती लांब आहे? तिथले पानतांडे, म्हणजे विड्याच्या पानांचे मळे, तुम्ही माझ्याहून जास्त पाहिले असतील. बारी समाजानं पिढ्यान् पिढ्या नागवेल कशी जगवली? हदगा, शेवरी, पांगारा लावून वर सावली धरली आणि चारी बाजूंनी तट्ट्या बांधून गरम वारा अडवला. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की ओल अंगाला लागते. तिथली पानपिंपरीही अशाच सावलीत वाढते. मी जाळीनं करते ते हेच, फक्त हदगा मोठा व्हायची वाट पाहायला मला सवड नव्हती. पहिल्या वर्षी तर जाळीही नव्हती. रानडुकरांसाठी वावराला साड्यांचं कुंपण करतो ना आपण, त्यातल्याच चार सुती साड्या बांबूवर ताणल्या होत्या. मे महिन्यातल्या एका वादळानं त्या लिंबाच्या शेंड्यावर नेऊन टाकल्या, तेव्हा पन्नास टक्के सावलीची जाळी आणली.

तुम्ही विचारलंय, जाळीनं असं काय होतं? थंडगार काही होत नाही. खांबाला तापमापक टांगून पाहिलं, तर बाहेर ४४ असताना आत ४० नाहीतर ४१. हवेत तीन-चार अंशांचाच फरक. खरा फरक मातीत हात घातला की कळतो. बाहेरच्या वाफ्यात दुपारी दोन वाजता बोट ठेववत नाही, आत पाल्याच्या आच्छादनाखाली माती कोमट असते. सासूबाई म्हणायच्या, "पान जयते (जळतं) त्याचं काई नाई बाई, मूळ शिजलं की झाड गेलं." जाळी मूळ शिजू देत नाही, एवढंच तिचं काम.

जे जमलं नाही तेही सांगते, कारण मागच्या लेखात ते राहून गेलं होतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, जाळीखालीही भेदरं धरत नाहीत. फुलं भरपूर येतात आणि देठापासून गळतात. दिवसाचं तापमान ३५ च्या वर राहिलं आणि रात्रीही गारवा आला नाही की भेदराच्या फुलातला पराग निकामी होतो. ४५ चे ३५ करणारी जाळी कुठं मिळत नाही. उन्हाळ्यात माझ्याकडे टिकले ते पालक, राजगिरा, सांभार, न्हाणीच्या पाण्यावरचा धोपा (अळू) आणि मिरचीची झाडं. मिरची फळं कमी देते, पण जीव धरून राहते आणि पहिल्या पावसानंतर लदलदून लागते.

दोडक्यानं तर मला पहिल्या वर्षी रडवलं. चारी बाजू जाळीनं बंद केल्या होत्या. वेल मांडवभर गेला, पिवळ्या फुलांनी भरला, आणि बोटाएवढे कोवळे दोडके एकेक पिवळे पडून गळायला लागले. खत दिलं, ताक शिंपडलं, काही उपयोग नाही. मग लक्षात आलं की आत मधमाशी येतच नव्हती. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्या वेळी वेलाजवळ उभं राहून पाहा. नर फुलं लांब दांड्यावर घोसानं येतात. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागं शिरा असलेला इवलासा दोडका आधीच तयार असतो. मी एक नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागं दुमडते आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हातानं टेकवते. बोटाला हळदीसारखी भुकटी लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दोडका गडद हिरवा होऊन खाली लोंबू लागला की समजावं, धरला. आता मी पश्चिमेची बाजू तेवढी झाकते, कारण ऊन तिकडून मारतं. पूर्वेची उघडी असते. मधमाश्या येतात, माकडंही येतात, त्याला इलाज नाही.

आता पाण्याचं. इथं तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले. माझं गाव वर्धा जिल्ह्यात, विहीर गोड्या पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचा विचारच 'कोणालाही जमेल' लिहिताना माझ्या डोक्यात आला नव्हता. खारं पाणी भारी काळ्या जमिनीत देत गेलं की क्षार साचतात, माती चिकटून दगडासारखी होते, आणि जाळी काही त्या मिठाला अडवत नाही. पालक आणि बीट खारेपणा बऱ्यापैकी सोसतात, घेवडा आणि गाजर सोसत नाहीत, एवढं माझं ज्ञान. पण पावसाच्या पाण्याचा एक हिशेब मांडते, तो तपासून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. वीस बाय पंधरा फुटांची टिनाची पडवी म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. पावसाळ्यात ६०० मिलीमीटर पाऊस धरला तर १६,००० लिटरच्या वर पाणी पन्हाळातून वाहून जातं. त्यातलं फक्त २,००० लिटर टाकीत धरलं, तर आठ बाय पाच फुटांच्या एका वाफ्याला जाळी आणि पाल्याखाली रोज २० लिटरप्रमाणे शंभर दिवस पुरतं. म्हणजे साधारण मार्चच्या सुरुवातीपासून मृगापर्यंत. वाफ्याऐवजी पोत्यांत गाळाची माती आणि शेणखत भरून लावलं तर खाली खारी जमीन असली तरी चालतं. टाकीला पैसे लागतात, तेही थोडे नाहीत, हे मला माहीत आहे. हिशेब पाण्याचा जुळतो, पैशाचा प्रत्येक घरी जुळेल असं मी म्हणणार नाही.

राहिलं टपाल. मिरचीपेक्षा टपाल महाग, हे खरं आहे. पण भाऊ, लेक माहेरून येताना पिशवीत चार वांगी आणि शेरभर तुरीच्या शेंगा आणते, तेव्हा एसटीचं तिकीट त्या वांग्यांपेक्षा महागच असतं. तिला कोणी हिशेब विचारतं का? आपल्याकडे याला वानोळा म्हणतात. नवं निघालं की आधी शेजारी, मग सोयऱ्यांकडे. शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करत नाही. माझी शेजारीण कुडाळकडे राहते, एवढाच फरक. तिच्याकडे पाऊस धो धो, तिथं मिरची कधी नीट वाळत नाही. माझ्याकडे ऊनच ऊन. मी भिवापुरी मिरची, वायगावची हळद, मुगाच्या वड्या, वाळलेली गवार पाठवते. तिकडून आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं येतात. माझ्या घरी आमसूल आणि तिच्या घरी अंबाडी, दोन्ही आंबटच, पण वरणाची चव पार बदलते.

एकदा मी ताजी ढेमसं पाठवली होती. पार्सल नेहमीच्याच दिवसांत पोचलं, पण तिनं उघडलं तेव्हा आत पाणी सुटलं होतं आणि सोबतच्या वड्याही वाया गेल्या. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून ओलं काहीही नाही. मिरची हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे, गवारीची शेंग कटकन मोडली पाहिजे. उन्हातून काढलेलं वाळवण रात्रभर गार होऊ द्यायचं, गरम भरलं तर आतल्या आत घाम सुटतो. मग मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळून दाभणानं बारीक टाके घालायचे आणि पत्ता बॉलपेननं लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची, म्हणजे पावसात अक्षर फुटत नाही. पिनकोड मी ठळक लिहिते. माझा ४४ नं सुरू होतो, तिचा ४१६ नं. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी, हे मला तिच्याच एका पत्रातून कळलं. पार्सलासोबत पत्र असतंच.

आणि एक गोष्ट बाजारात कितीही पैसे मोजून मला मिळाली नसती. लाल देठाची अंबाडी आमच्या गावातून संपली होती. सासूबाई गेल्या त्या वर्षी बीही राखलं गेलं नाही, मग शोधून शोधून हिरव्या देठाचीच मिळाली. मी इथं लिहिल्यावर गोंदिया जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंनी वर्तमानपत्राच्या पुडीत मूठभर बी टपालानं पाठवलं. त्या पुडीवर टपालखर्च किती झाला ते मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. यंदा तिसरं वर्ष आहे, आणि आमच्या धुऱ्याच्या ज्या पट्ट्यात मी फवारू देत नाही, तिथं ती कमरेएवढी उभी आहे.

त्या लेखातलं 'कोणालाही जमेल' हे वाक्य मी आज काढलं. त्या जागी लिहिलंय : 'घरी गोडं पाणी असेल, किंवा पावसाचं धरून ठेवता येत असेल, तर.'