किती लकी आहेस गं तू!

हे वाक्य आज दुपारी पुन्हा ऐकलं. पाठोपाठ पाच मिनिटांत "पण तू इथे करतेस काय?" हेही. गेल्या दोन वर्षांत या जोडीची सवय झालीय, पण आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

पन्हाळ्यावर जुलैतला रविवार म्हणजे काय असतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तीन दरवाजाकडून येणारा सहा-सात जणांचा घोळका पावसानं गाठल्यावर आमच्या पडवीत शिरला. माझी काही तक्रार नाही. माझ्या घरमालकीण आक्कानंच बोलावलं, "आत या की, भिजालाय," आणि चहा टाकायला आत गेली. मी मागे आवरत होते. हसण्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर एकानं शेगडीवरचं डालगं उचलून डोक्यावर मुकुटासारखं धरलं होतं. वरचे कपडे ओल्या फरशीवर. दुसरा शूट करतोय. आणि चहा घेऊन आलेल्या आक्काला एक मुलगी म्हणतेय, "आजी, कोल्हापुरी स्टाइलमध्ये एक डायलॉग बोला ना!"

त्या कपड्यांत माझे आतले कपडेही होते. असो.

आता हे डालगं काय प्रकरण आहे ते सांगते. मी इथे राहायला आले तो पहिला जुलै. हिंजवडीत नोकरी, वाकडला तिघींत एक फ्लॅट, त्याआधी सगळं आयुष्य डोंबिवलीत. पाऊस मला माहीत आहे असं वाटायचं. कंपनीनं घरून काम करायला दिलं तेव्हा दोन बॅगा घेऊन वर आले, 3,000 फुटांच्या वर. पहिल्या आठवड्यात धुक्याचे फोटो टाकून खाली 'शांतता' असं लिहिलंसुद्धा. (तेव्हा लाइक करणारे तुम्हीच होतात, नाकारू नका.) दुसऱ्या आठवड्यात मीठ पाणी झालं, काडेपेटी मऊ पडली, चपलांवर बुरशी आली. अकरा दिवस एक कपडा वाळला नाही. पंखा लावून वाळवावं तर लाइट नाही. शेवटी दमट सलवार तशीच अंगात घालून कॉलला बसले होते. आक्का भाडं मागायला आली होती. तिनं माझी बाही चिमटीत धरून बघितली आणि भाड्याचं विसरूनच गेली. "आगं, असली कापडं घालून बसतीस व्हय? आन सगळी हिकडं." शेगडीत शेणी पेटवून इंगळ केले, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं, आणि त्यावर माझे सगळे कपडे पसरले, एकेक, बाह्या नीट सोडवून. रात्री दोनदा उठून तिनं ते उलटले. सकाळी सगळं कोरडं, कोमट. धुराचा वास दोन धुण्यांत गेला नाही.

तेच डालगं आज त्याच्या डोक्यावर होतं.

गर्दीबद्दल माझं काही म्हणणं नाही. भाजलेली कणसं, झुणका-भाकर, घोडे, पार्किंग, निम्म्या गडाची चूल त्यांच्या पैशावर पेटते, मान्य. पण तुम्ही ज्या पायरीवर उभे आहात ती कुणाच्या तरी घराची आहे एवढं कळायला काय लागतं? जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जे 12 किल्ले यादीत घेतले त्यात आमचा पन्हाळा आहे. पेढे वाटले, मीही खाल्ले. पण या गडावर नगरपरिषद आहे हो, 3,000 च्या आसपास माणसं राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात, कौलं गळतात. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, त्यापुढे 200 मीटर परवानगीशिवाय काही नाही. डागडुजीलासुद्धा कागद. नियम हवेतच, नाहीतर गडाचं काय होईल ते दिसतंच. पण आक्काची मागची भिंत दोन पावसाळे ताडपत्रीवर उभी आहे, आणि त्या ताडपत्रीपुढे आज तिघांनी फोटो काढले. "काय ऑथेंटिक आहे ना!"

आणि नातेवाईक वेगळेच. त्यांना दोनच शक्यता सुचतात, पोरगी हरून गेली किंवा पळून गेली. काकांनी गेल्या दिवाळीत विचारलं, "कधी उतरणार खाली?" काका, 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराज चार महिने इथे होते आणि पावसाळी रात्री निसटले, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत. मला कुणी वेढलेलं नाही. मी निसटायची वाट बघत नाहीये.

तशी इथून खाली उतरायची रीत जुनीच आहे, हे कबूल. कवी मोरोपंत इथले, तरुणपणीच बारामतीला गेले ते तिथलेच झाले. 1782 मध्ये करवीरच्या छत्रपतींची राजधानीच इथून कोल्हापूरला उतरली. आक्काचा मुलगा तर हिंजवडीलाच असतो. मी राहते ती खोली त्याची आहे. भिंतीवर त्याच्या दहावीच्या वेळापत्रकाचा कागद अजून चिकटलेला आहे. तो गणपतीला आला तेव्हा मी इथल्या हवेचं कौतुक करत होते, मे महिन्यातही रात्री चादर लागते वगैरे. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, तुमचा पगार खालनं येतोय म्हणून हवा गार लागतीय." मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. पण उत्तर सुचलं नाही ते नाहीच. रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर 20 किलोमीटर खाली कोल्हापूर गाठावं लागतं, आणि 2021 च्या जुलैत तो वर यायचा रस्ताच खचला होता. हे सगळं मला फोटो टाकताना कुठे माहीत होतं?

म्हणजे मीही त्या घोळक्यातलीच होते की काय, दोन वर्षांपूर्वी. फक्त परत गेले नाही.

आता काय बदललंय विचाराल तर एकच सांगते. इथल्या बायका "मी येतो", "मी गेलो" असं बोलतात. परवा फोनवर मी म्हटलं, "आई, जेवलो मी." पलीकडे शांतता. मग, "जेवलो? कोण जेवलो?" मी हसत सुटले. ती नाही हसली.

आजचं पुढचं सांगायचं राहिलं. मी त्या मुलांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. गेली सगळी, चहा अर्धवट टाकून. आक्का मलाच रागावली. दारात आलेल्याला असं बोलतात का म्हणून. मग वाकून कपडे उचलले, पुन्हा पिळले, डालगं जागेवर ठेवलं. घाईत त्यांच्यातल्या कुणाचं तरी जॅकेट खुंटीला राहिलं होतं, चिंब. मी म्हटलं राहू दे, फेकून देऊ. तिनं ते माझ्या कुर्त्याशेजारी पसरलं, बाह्या सोडवून. आत्ता साडेदहा वाजलेत, लाइट नाही, आणि ती दुसऱ्यांदा उठून ते उलटतेय.

तर ही पोस्ट फिरत फिरत पोचलीच तर: निळं, टोपीवालं, डाव्या खिशाची चेन तुटलेली. तीन दरवाजाच्या बाजूला आक्का कुठे राहतात विचारा, कुणीही सांगेल. कोरडं असेल. धुराचा वास येईल.