बाथरूमचा व्हॉल्व्ह आणि जगप्रवास

जुनी शिडाची बोट स्वस्तात घ्यायची, ठाकठीक करायची आणि लक्षद्वीप, मालदीव करत थेट सेशेल्स गाठायचं, असा बेत आहे ना तुमचा? उत्तम. हल्ली प्रत्येक मित्रमंडळात असा एक जण असतो आणि त्याला फुकट सल्ला देणारा दुसरा. आमच्याकडे तो दुसरा मी. तेव्हा घ्या सल्ला.

बोट बघताना फक्त किंमत बघा. चार पावसाळे खाडीत पडून असलेली, डेकवर पिंपळ उगवलेली मिळाली तर सोडू नका. मालक म्हणेल, "थोडंसंच काम आहे." विश्वास ठेवा, माणूस एवढ्या प्रेमाने सांगतोय. सर्व्हेअर बोलावू नका. तो पैसे घेऊन वाईटच सांगतो. छोटी हातोडी घेऊन डेक ठोकत फिरणाऱ्यालाही लांब ठेवा. टणटण वाजायच्या जागी भदभद वाजलं की तो म्हणणार, फायबरच्या दोन थरांमधलं बाल्साचं लाकूड कुजलंय. कुजलं तर कुजलं. वर रंग मारला की दिसतंय कुणाला?

निघायची तारीख आधी जाहीर करा, काम नंतर काढा. पाडव्याला निघणार म्हणजे पाडव्याला निघणार. राहिलेलं वाटेत होईल.

घरच्यांनी शंका काढलीच तर 'सुहैली'चं नाव घ्या. बत्तीस फुटी, सागवानी, आपल्या मुंबईत बांधलेली. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून आला. एवढंच सांगा. तो मर्चंट नेव्हीत मुरलेला होता आणि बोट गळायला लागली तेव्हा भर समुद्रात पाण्यात उतरून त्याने फटी बुजवल्या, हे सांगत बसू नका. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे दिलीप दोंदे, त्यांचंही नाव घ्या, आपला माणूस आहे. फक्त २००९ मध्ये 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघण्याआधी गोव्यात दिवाडीला ती बोट बांधली जात होती तेव्हा ते तिच्यामागे कसे राबत होते, ते गाळा. कंटाळवाणं आहे.

डोलकाठीच्या तारा बदलू नका. वीस वर्षं टिकल्या म्हणजे आणखी वीस टिकणारच.

स्टेनलेस स्टील घेताना दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं आणि चिकटलं नाही, की '३१६', म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारं, समजून घरी या. साध्या ३०४ लासुद्धा चुंबक चिकटत नाही. फरक दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, आणि तो समुद्राला बरोबर कळतो.

व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, कशाला? मोबाइल आहे की.

पैशांची वाटणी अशी करा: आधी बाहेरचा रंग, मग गाद्यांची कव्हरं, मग फ्रिज, मग फ्रिजसाठी सोलर, मग ड्रोन. उरले तर पाण्याखालचं काम.

पाण्याखालच्या कामावरून आठवलं. बोटीच्या पोटाला भोकं असतात. इंजिन गार ठेवायला पाणी आत घेणारं एक, संडासाची दोन, सिंकचं एक. प्रत्येकावर सीकॉक, म्हणजे पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह, बसवतात, आणि जाणती माणसं तो ब्राँझचा बसवतात. तुम्ही नका बसवू. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून पितळेचा बॉल व्हॉल्व्ह आणा, बाथरूमला लावतात तोच, वरून निकेलने चकचकीत, लाल दांड्याचा. आटे जुळतात, पाणी बंद होतं, आणि वाचलेल्या पैशांत ड्रोनची जादा बॅटरी येते. आता खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं, ही गोष्ट वेगळी. वरचं निकेल तसंच चमकत राहतं. दिसायला व्हॉल्व्ह, आतून बिस्कीट.

गेल्या आठवड्यात मी अशाच एका बोटीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, डोकं खाली, पाय वर, असा लटकलो होतो. बोट करंज्याच्या खाडीत नांगरावर. मालकाचा फोन आला होता, "दादा, इंजिनचं पाणी कमी येतंय, जरा बघता का?" मी सीकॉकचा दांडा फिरवला. दांडा हातात आला. दांड्यामागून अर्धा व्हॉल्व्ह आला. व्हॉल्व्हमागून अरबी समुद्र आला.

पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक असेल तर मिनिटाला शंभरहून जास्त लिटर पाणी आत येतं. बोटीवर पंप होता, तासाला ११०० गॅलनचा. मिनिटाला सत्तर लिटरही धड नाही, आणि तेही खोक्यावर छापलेलं. प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवायची असते, अशा वेळी भोकात ठोकायला. दोन वडापावांच्या पैशांत होते. ती नव्हती. का नव्हती? तर लुक बिघडतो! मी भोकावर तळहात दाबून ओरडतोय आणि या गृहस्थाने सगळ्यात आधी काय वाचवलं असेल? ड्रोन.

शेजारून चाललेल्या एका तांडेलाने ओरडा ऐकून होडी लावली. स्वतःचा बनियन काढून गुंडाळला, भोकात कोंबला, त्याचा डिझेल पंप आमच्या बोटीत सोडला आणि भरतीच्या पाण्यावर बोट ओढत नेऊन काठाच्या गाळात टेकवली. त्याची त्या दिवसाची मासळी गेली. आणि मालक चिखलात उभा राहून मला म्हणतो, "पण दादा, यूट्यूबवर तर एकाने पितळेचाच लावलाय."

लावला असेल! गोड्या पाण्याच्या तळ्यात असेल त्याची बोट!

पैसे कमी असणं हा काही गुन्हा नाही. कोळ्यांकडे पैसा उतू जातो का? दरवर्षी १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोटी वर ओढतात, तळ खरवडतात आणि पाण्याखालचा एक खिळा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. रंग उडालेला असला तरी चालतो त्यांना. काटकसर करायची तर तिथे करा ना! गाद्या घरच्या न्या, रंग स्वतः मारा, फ्रिजशिवाय राहा. सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमीची डोलकाठी हिंदी महासागरात तुटली, पाठ जायबंदी झाली. नौदलाचा अधिकारी, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला माणूस, पूर्ण तयारीनिशी गेलेला. त्याला शोधायला भारताचं विमान गेलं, ऑस्ट्रेलियाचं गेलं, आणि उचलून आणलं फ्रान्सच्या जहाजाने. तुम्ही बाथरूमचा व्हॉल्व्ह लावून जाणार आणि मग तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करणार? किनाऱ्यापासून लांब गेल्यावर रेंज तरी असते का रे? तुमच्या हौसेपायी दुसऱ्यांनी जीव का धोक्यात घालायचा?

आणि तू, ज्याची ती बोट आहे. हे वाचशील हे मला माहीत आहे. चारही व्हॉल्व्ह काढून फेक. ब्राँझचे परवडत नसतील तर फ्रिज वीक. खुंट्या करून घे. आणि त्या तांडेलाला डिझेलचे पैसे अजून दिलेले नाहीस, "जीपे करतो" म्हणालास आणि विसरलास. उद्या सकाळी धक्क्यावर जा आणि रोख दे. बनियनचेही दे.