ऑनलाइन घेतलं म्हणजे वॉरंटी गेली?

द्राक्षाची फळछाटणी आणि दिवाळीच्या ऑफर साधारण एकाच सुमारास येतात, आणि तेव्हाच सांगली-मिरज-तासगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच : ऑनलाइन घेतलेल्या मालाला कंपनी वॉरंटी देत नाही, तिथं येतो तो कंपनीनं नाकारलेला माल, सर्व्हिस सेंटरवाले ऑनलाइनचं बिल बघून परत पाठवतात, तक्रार करायची तर बेंगळुरूला खेटे घाला, म्हणून गावातल्या दुकानात घ्या, तिथं वॉरंटीची शंभर टक्के खात्री. शेवटच्या वाक्यावरून मेसेज कुठून निघाला असेल हे कळतंच. पेठेतल्या दुकानदाराचा धंदा चालावा असं मलाही वाटतं, पण लोकांना खोटं सांगून नको.

"कंपनी वॉरंटी देत नाही."

वॉरंटी म्हणजे उत्पादकानं लेखी दिलेली हमी. तो माल अ‍ॅपवरून घेतला की काउंटरवरून, यानं ती आपोआप येत नाही की जात नाही. सर्व्हिस सेंटरवाला बघतो तो मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि तारीख असलेलं पक्कं बिल. सिरियल नंबर भारतात विकायला सोडलेल्या मालाचा असेल आणि कार्डावरच्या अटी पाळलेल्या असतील तर काम होतं. बड्या ब्रँडचे फ्रिज, टीव्ही, मोबाइल असे रोज दुरुस्त होतात.

पण या मुद्द्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. मोठ्या अ‍ॅपवर आपण खरेदी करतो तेव्हा बहुधा अ‍ॅप स्वतः विकत नसतं. परकीय गुंतवणुकीच्या 2016 पासूनच्या नियमांनुसार परकीय पैसा असलेल्या बाजारपेठ-कंपनीला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. विक्रेता वेगळा असतो, आणि त्याच नियमांत विकलेल्या मालाच्या हमीची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे. म्हणजे एकाच पानावर, एकाच फोटोखाली, पाच विक्रेते असू शकतात. त्यातला एक कंपनीचा अधिकृत आणि एक कुठून तरी माल उचललेला. बिलावर 'सोल्ड बाय'पुढे कोणाचं नाव आहे ते वाचा. शेजारी जीएसटी नंबर असतो. 27 नं सुरू झाला तर नोंदणी महाराष्ट्रातली, 29 नं झाला तर कर्नाटकातली. त्यावरून माणूस खरा-खोटा ठरत नाही, पण भांडायचं कोणाशी हे तरी कळतं.

माल अस्सल असूनही वॉरंटी नाही, असंही होतं. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलनं 2016 मध्ये खोक्यात सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरसाठी भारतापुरतं वेगळं धोरण आणलं : इथं वॉरंटी हवी तर इथल्या अधिकृत वितरकाच्या साखळीतूनच घेतलेला पाहिजे. परदेशातून रीतसर आणलेल्या खऱ्याखुऱ्या प्रोसेसरलाही तेव्हा इथं दाद मिळत नसे. यावर भारतीय स्पर्धा आयोगानं 2019 मध्ये चौकशीचा आदेश दिला. कॅमेरे आणि लेन्समध्येही परस्पर आयात केलेला माल स्वस्त मिळतो आणि वॉरंटीच्या वेळी अडतो. ही अडचण माल कोणत्या वाटेनं आला याची आहे. असा माल काचेच्या शोकेसमध्येही बसलेला असतो.

ओळखायचं कसं? खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असायला हवा. 2011 च्या पॅकेज नियमांची ती सक्ती आहे, आणि 2018 पासून यातली बहुतेक माहिती ऑनलाइन यादीतही दाखवावी लागते. परस्पर आलेल्या मालावर भारतीय आयातदाराचं लेबल बहुधा नसतं. मोबाइल असेल तर *#06# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि केवायएम लिहून, जागा सोडून, तो नंबर 14422 वर एसएमएस करा; उत्तरात फोनची माहिती येते, ती जुळते का बघा. आणि वर्णनात 'सेलर वॉरंटी' लिहिलं असेल तर सावध. ती विक्रेत्याची हमी, कंपनीची नव्हे. विक्रेता अ‍ॅपवरून गायब झाला की तीही गेली. महाग वस्तू असेल तर विक्रेत्याचं नाव कंपनीला ईमेलनं कळवून 'हा तुमचा अधिकृत आहे का' एवढंच विचारावं, आणि उत्तर जपून ठेवावं.

"नाकारलेला माल ऑनलाइनवर खपवतात."

याला आधार कोणी देत नाही. खरं एवढंच की काही कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळे मॉडेल काढतात. टीव्ही तेवढ्याच इंचाचा, पण मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वेगळी आणि मागे एखादं पोर्ट कमी. किंमत त्या दोन वेगळ्या टीव्हींची ताडून 'दुकानदार लुटतो' म्हणणंही तितकंच चूक.

"सर्व्हिस सेंटरवाले परत पाठवतात."

परत पाठवतात, पण कशामुळे ते बघा. बिल नाही, सिरियल नंबर खरवडलेला, आत पाणी गेलेलं, व्होल्टेजनं बोर्ड किंवा मोटरची कॉइल जळलेली. ही कारणं दुकानातल्या मालालाही तशीच लागतात. 2019 च्या महापुरानंतर सांगलीत चिखलातून काढलेले फ्रिज आणि वॉशिंग मशिन रांगेनं पडले होते. पुराचं पाणी साध्या वॉरंटीत बसत नाही. बिल पेठेतलं आहे की अ‍ॅपवरचं, यानं त्यात काही फरक पडत नव्हता. तिथं उपयोग विम्याचा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मेसेजात नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या ब्रँडच्या बॅटरी पंपाला, ब्रशकटरला सांगली जिल्ह्यात सेंटरच नसतं. वॉरंटी 'कॅरी-इन' असते, म्हणजे यंत्र आपणच न्यायचं किंवा कुरिअर करायचं. आता विचार करा : छाटणी होऊन फुटवे निघालेत, पाऊस पडून गेलाय, दावण्या (डाउनी) रोगाच्या भीतीनं आजच औषध मारायचंय, आणि पंप पुण्याला दुरुस्तीला. वॉरंटी कागदावर शाबूत आहे, बाग मात्र थांबत नाही. ओळखीचा दुकानदार अशा वेळी स्वतःकडचा जुना पंप देतो. त्याला चार पैसे जास्त दिले तर ते त्यासाठीच असं मी धरतो. म्हणून घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर 416416 किंवा आपल्या गावचा पिनकोड टाकून सेंटर बघा. नसेल तर हंगामाच्या तोंडावर तो सौदा करू नका, कितीही स्वस्त असो.

"तक्रारीला बेंगळुरू."

हे पूर्वी काही अंशी खरं होतं. 1986 च्या कायद्यात समोरचा जिथं व्यवसाय करतो किंवा तक्रारीचं कारण जिथं घडलं, तिथं जावं लागे, आणि कंपन्या त्यावरून वाद घालत. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि ग्राहक जिथं राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येऊ लागलं. पलूसचा माणूस सांगलीतच तक्रार करतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन होतो, मुदत दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात जास्त लागतात, तेही धरून चाला.

त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा, आणि अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याच नियमांत हेही आहे की सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. 'नो रिटर्न' लिहिलं तरी.

एक खाचखळगा आहे. टॅक्स वाचवायला घरच्या टीव्हीच्या बिलावर आपल्या स्वतःच्या दुकानाचा जीएसटी नंबर टाकू नका. समोरचा वकील लगेच 'खरेदी व्यापारासाठी, हा ग्राहकच नव्हे' म्हणतो, आणि अनेक वॉरंट्याही घरगुती वापरापुरत्याच असतात. स्वतःच्या बागेसाठी, स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेला पंप मात्र ग्राहकाच्या व्याख्येत बसतो.

"दुकानात शंभर टक्के खात्री."

पक्कं बिल असेल तर. 'बिल नको, जीएसटी वाचेल' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मिक्सरची खरेदीची तारीख सिद्ध होत नाही. आणि काउंटरवर आग्रहानं गळ्यात मारलेली 'एक्स्टेंडेड वॉरंटी' बऱ्याचदा उत्पादकाची नसून तिसऱ्याच कंपनीची असते. अ‍ॅपवर टिक करून घेतलेली तीही तशीच. दोन्हीकडे पैसे देण्याआधी कागदाखाली सही आणि पत्ता कोणाचा आहे तेवढं वाचून घ्या.