मेंदूतले व्रण नसते, तर?

सौंदर्याच्या सक्तीवर लिहिल्या गेलेल्या किशोरवयीन डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातला बिघडलेला समाज रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. या कादंबऱ्या एक खरोखर अवघड प्रश्न विचारतात, काही काळ तो विलक्षण ताकदीने पेलतात आणि उत्तर देण्याची वेळ आली की कुठून तरी एक खलनायक आणून स्वतःची आणि वाचकाचीही सुटका करून घेतात. उदाहरणादाखल या प्रकारातली बहुधा सर्वांत गाजलेली कादंबरी घेते, स्कॉट वेस्टरफेल्ड यांची २००५ साली प्रसिद्ध झालेली ‘अग्लीज’. पुढे तिचे कथानक शेवटापर्यंत उघड केलेले आहे. ज्यांना ती अजून वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे.

टॅली यंगब्लड ही मुलगी ज्या शहरात राहते तिथे सोळा वर्षे पूर्ण झाली की प्रत्येकावर एक शस्त्रक्रिया होते. हाडे घासून आणि ताणून हव्या त्या आकाराची केली जातात, जुनी त्वचा काढून नवी चढवली जाते, डोळे मोठे होतात, ओठ भरतात आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत जुळवल्या जातात. शस्त्रक्रियेआधीची मुले नदीच्या अलीकडे वसतिगृहांत राहतात आणि त्यांना सरसकट ‘कुरूप’च म्हटले जाते, शस्त्रक्रिया झालेले तरुण ‘सुंदर’ नदीपलीकडे मेजवान्या झोडत असतात. मध्यमवयात आणखी एक शस्त्रक्रिया होते आणि तेव्हा चेहऱ्यावर शहाणपणाची, भरवशाची छटा आणली जाते, म्हणजे वडीलधारेपणसुद्धा या समाजात चेहऱ्यावर कोरून मिळते. लेखक हा तपशील फारसे न रेंगाळता सांगून टाकतो. मला मात्र पुस्तकातल्या सर्वांत भेदक तपशिलांपैकी तो एक वाटतो.

कादंबरीचा पहिला तृतीयांश भाग मला आजही थोर वाटतो, कारण त्यात टॅलीवर शस्त्रक्रियेसाठी कोणीही जबरदस्ती करत नाही. ती स्वतःच दिवस मोजत असते. तिचा जिवलग मित्र पेरिस तिच्याआधी सोळा वर्षांचा होऊन नदीपलीकडे गेलेला असतो आणि तिला फक्त त्याच्यासारखे व्हायचे असते. ही मुले एकमेकांना प्रेमाने ज्या नावांनी हाक मारतात ती नावे म्हणजे एकेकाचे व्यंग आहे : बारीक डोळ्यांवरून टॅलीचे, नाकावरून पेरिसचे, हडकुळेपणावरून शे या मैत्रिणीचे. त्यात दुष्टावा नाही. आपण कुरूप आहोत हे या मुलांनी इतके स्वच्छ मान्य केलेले आहे की त्याची लाज वाटण्याचीही गरज उरलेली नाही.

एका प्रसंगात टॅली आणि शे भिंतीवरच्या पडद्यासमोर बसून शेचा भावी चेहरा तयार करतात. पहिली पायरी अशी की चेहऱ्याची डावी किंवा उजवी बाजू निवडायची आणि तिचेच प्रतिबिंब दुसऱ्या बाजूला जोडायचे. प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू थोड्याफार वेगळ्या असतातच, त्यामुळे दोन डाव्या बाजूंची शे आणि दोन उजव्या बाजूंची शे अशा दोन वेगळ्याच मुली पडद्यावर येतात, आणि दोन्हींपैकी एकही शे नसते. टॅलीला हा खेळ वाटतो. शेला तो सहन होत नाही. बंडाची सगळी बीजे या एका प्रसंगात पेरलेली आहेत आणि त्यासाठी लेखकाला एकही भाषण लिहावे लागलेले नाही.

शिवाय या शहराची बाजू अजिबात मूर्खपणाची नाही. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे : दिसण्यावरून माणसामाणसांत भेदभाव होतो, तो अन्याय आहे, म्हणून सगळ्यांनाच सारखे सुंदर करून टाकू. हा युक्तिवाद हवेतला नाही, त्याला शास्त्रीय पायाही आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी अनेक चेहऱ्यांची छायाचित्रे एकमेकांवर घेऊन सरासरी चेहरा तयार केला, तेव्हा तो मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा निघाल्याचे त्यांच्याच लक्षात आले. १९९० साली लँग्लोइस आणि रॉगमन यांनी संगणकावर केलेल्या प्रयोगातही अनेक चेहऱ्यांच्या सरासरीतून बनलेला चेहरा सुट्या चेहऱ्यांपैकी बहुतेकांहून आकर्षक ठरला. १९७२ साली डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांच्या अभ्यासात असे दिसले की नुसते छायाचित्र पाहून लोक देखण्या व्यक्तीला अधिक चांगला स्वभाव, अधिक सुखी संसार आणि अधिक चांगली नोकरी बहाल करून मोकळे होतात. जी गोष्ट जन्माने मिळते आणि जिचा फायदा आयुष्यभर मिळत राहतो ती सरकारने सर्वांना मोफत वाटली तर तुमची हरकत नेमकी कशाला आहे? कादंबरीने विचारलेला अवघड प्रश्न तो हा. ‘प्रत्येक जण आपापल्या परीने सुंदर असतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण ज्याला दिसण्यामुळे डावलले गेले आहे त्याला हे वाक्य ऐकवणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

पुढे शे शस्त्रक्रियेआधी पळून जाते आणि डॉक्टर केबल नावाची अधिकारी टॅलीला धमकी देते. धमकी काय, तर शेचा पत्ता शोधून दे, नाहीतर तुझी शस्त्रक्रिया कधीच होणार नाही. इथे सत्ता शरीरावर सुरी चालवण्याची भीती घालत नाही, सुरी न चालवण्याची घालते. अनुकरणाची सक्ती कशी काम करते याचे इतके नेमके चित्रण मी किशोरवयीन वाङ्मयात फार क्वचित वाचले आहे.

टॅली हेर म्हणून रानातल्या ‘स्मोक’ या वस्तीत पोहोचते तेव्हा तिला तिथे जुनी मासिके पाहायला मिळतात, म्हणजे तेलावर जगणारी आणि त्यापायीच नष्ट झालेली आपली संस्कृती जी मासिके वाचत असे ती. त्यातली हडकलेली मॉडेल पाहून ही बाई आजारी असावी असेच तिला वाटते आणि हेच त्या काळचे सौंदर्य होते हे तिला सांगावे लागते. त्याच वस्तीत जन्मलेला डेव्हिड तिला ती सुंदर आहे असे म्हणतो, आणि ते ऐकून हललेली टॅली शहराने दिलेले हेरगिरीचे लॉकेट आगीत फेकून देते. लॉकेट नष्ट होताच शहराला खबर मिळते आणि वस्तीवर धाड येते. तिच्या सर्वांत प्रामाणिक कृतीनेच सर्वांचा घात होतो. रचनेच्या दृष्टीने हे उत्तम आहे.

पण मधल्या काळात डेव्हिडचे आईवडील, मॅडी आणि अॅझ, एक रहस्य सांगतात. ते दोघे शहरात डॉक्टर होते आणि त्यांना असे आढळले होते की शस्त्रक्रियेत चेहऱ्याबरोबर मेंदूतही बारीक व्रण केले जातात, ज्यामुळे माणसे आज्ञाधारक आणि उथळ होतात. डॉक्टर, आग विझवणारे अशा ज्यांच्या कामाला डोके चालवावे लागते त्यांच्या मेंदूत हे व्रण नसतात. माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते. या पानापासून वाचकाला सौंदर्याचा विचार करायची गरजच उरत नाही. मेंदूशी कोणालाही न सांगता छेडछाड करणे वाईट, हे सिद्ध करायला कादंबरी लागत नाही; त्यावर दुमत असणारा वाचक मिळणार नाही. इतका वेळ जो प्रश्न गळ्याशी आला होता तो बाजूला पडतो आणि कथा पाठलाग, सुटका आणि उडत्या फळ्यांवरच्या लढायांकडे वळते. मेंदूतले व्रण नसते, माणसे पूर्ण शुद्धीत, पूर्ण बुद्धीनिशी एकसारखी सुंदर होत राहिली असती, तर आपण काय म्हटले असते? कादंबरी हे विचारत नाही. तिला ते विचारायचे धाडस झाले नाही असे मी म्हणेन, आणि यावर माझे अनेक वाचकमित्र रागावतात हे मला ठाऊक आहे.

हा प्रश्न टाळता येत नाही असे मात्र नाही. एल. पी. हार्टली यांची ‘फेशियल जस्टिस’ ही १९६० सालची कादंबरी प्रौढांसाठी आहे, आणि तिच्यात तिसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजात मत्सर टाळण्यासाठी जास्त सुंदर स्त्रियांनी आपला चेहरा मध्यम करून घ्यावा असे वातावरण असते. १९६४ साली ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेत चार्ल्स बोमाँट यांच्या कथेवरून केलेला एक भाग दाखवला गेला. त्यातली मॅरिलिन ठरावीक नमुन्यांमधून चेहरा निवडायला नकार देते, आणि शेवटी तिच्यावर तो बदल झालेला असतो तेव्हा ती आरशासमोर मनापासून खूश असते. तो आनंद पाहून जी अस्वस्थता येते ती कोणत्याही लढाईने येत नाही.

सर्वांत धीटपणे हा विषय टेड चियांग यांनी ‘लायकिंग व्हॉट यू सी’ या २००२ सालच्या दीर्घकथेत हाताळला आहे. वेस्टरफेल्ड यांनी ‘अग्लीज’च्या ऋणनिर्देशात या कथेवरून चियांग यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा उल्लेख केला आहे, म्हणून ही तुलना अन्यायाची नाही. तिथे चेहरे बदलत नाहीत, पाहणाऱ्याचा मेंदू बदलतो : एका उलटवता येणाऱ्या प्रक्रियेने माणसाला चेहरे ओळखता येतात, पण देखणेपणाचा परिणाम त्याच्यावर होत नाही. ही प्रक्रिया महाविद्यालयात सर्वांना सक्तीची करावी का, यावर वाद होतो, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचताना पटत राहते. सौंदर्यप्रसाधनांच्या हितसंबंधीयांचा कावा त्या कथेतही आहे, पण सगळे त्यांच्यावर ढकलून कथा मोकळी होत नाही. मेंदूशी छेडछाड तिथेही आहेच. फरक एवढाच की ती उघड आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला आहे, त्यामुळे वाचकाला पळवाट मिळत नाही.

कायद्याने कुरूपतेवर बंदी घालण्याचे प्रकार प्रत्यक्षातही होऊन गेले आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने १८६७ साली आणि शिकागोने १८८१ साली असे नियम केले, की ज्यांचे शरीर विद्रूप आणि पाहवणार नाही असे आहे त्यांनी सार्वजनिक ठिकाणी स्वतःचे प्रदर्शन करू नये. त्यांचा रोख प्रामुख्याने अपंग भिकाऱ्यांवर होता, आणि शिकागोतला नियम रद्द व्हायला १९७४ साल उजाडले. तेव्हा डॉक्टर केबल ही काही निव्वळ कल्पनेची भरारी नव्हे. पण असा नियम रद्द तरी करता येतो. आज फोनमधला फिल्टर हनुवटी निमुळती करतो, डोळे मोठे करतो, त्वचा गुळगुळीत करतो आणि हे सगळे आपण स्वतःच्या बोटाने, हौसेने करतो; तिथे रद्द काय करायचे? फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातींतल्या फेरफार केलेल्या शरीरांवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले आहे. हे कायदे स्वागतार्ह आहेत, पण ते माहिती देतात, इच्छा बदलत नाहीत. टॅलीलाही पहिल्या पानापासून माहीत असते की पेरिसचा नवा चेहरा शस्त्रक्रियेने आलेला आहे. त्यामुळे तिची ओढ तसूभरही कमी होत नाही.

२०२४ साली या कादंबरीवर चित्रपट आला. त्यात ‘कुरूप’ म्हणून जे कलाकार दिसतात ते कोणत्याही चित्रपटात सहज खपून जातील असे देखणे आहेत, आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. ती रास्त आहे, पण अडचण निवडीपेक्षा खोल असावी. पुस्तकात टॅलीला चेहरा नसतो, वाचणारी मुलगी तिथे आपला चेहरा ठेवते आणि ‘कुरूप’ हा शब्द थेट तिला लागतो. पडद्यावर तो दुसऱ्या कोणाला तरी लागतो.

किशोरवयीन वाचकांना खलनायक लागतोच, त्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, असा बचाव नेहमी केला जातो. मला तो पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला सौंदर्याची सक्ती कोण करते हे विचारा, ती कोणत्याही हुकूमशहाचे नाव घेणार नाही; ती मैत्रिणींची, काढलेल्या आणि पुसून टाकलेल्या छायाचित्रांची आणि बहुधा स्वतःची गोष्ट सांगेल. हा वाचक आपण समजतो त्यापेक्षा बराच पुढे आहे.

एवढी तक्रार करूनही ‘अग्लीज’ मी पुन्हा पुन्हा वाचते ते तिच्या शेवटच्या काही पानांसाठी. शेवर एव्हाना तिच्या मनाविरुद्ध शस्त्रक्रिया झालेली असते, ती सुंदर आणि आनंदी असते, आणि मॅडीने व्रणांवर शोधलेला, अजून कोणावरही न तपासलेला उपाय तिला नको असतो. डेव्हिडला आणि टॅलीला तो तिला द्यावा असे वाटते, पण मॅडी ठाम नकार देते, कारण संमतीशिवाय कोणाच्या मेंदूला हात लावणे हेच तर डॉक्टर केबल करत आल्या आहेत. म्हणून टॅली ठरवते की आपण शहरात परत जायचे, शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि मग आधीच दिलेल्या संमतीवर तो उपाय स्वतःवर करून पाहायचा. पण शस्त्रक्रियेनंतरची टॅली आधीच्या टॅलीने दिलेला शब्द पाळायला बांधील आहे का, आणि ती आनंदात असेल तर तिचा आनंद खोटा ठरवण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न लेखक तसेच सोडून देतो. व्रणांची पळवाट काढून जो प्रश्न त्याने टाळला होता, तोच इथे मागच्या दाराने परत आलेला आहे, आणि या वेळी त्याच्यासमोर उभा करायला एकही खलनायक शिल्लक नाही.